वेशीवरचा कर आणि वेशीबाहेरचे नगर
चंद्रपूर व ऊर्जानगर यांच्या संदर्भात स्थानिक वस्तुकराचा इतिहास

नागरी सोयींसाठी लागणारा पैसा कोठून यावा, हा प्रश्न नगरशासनाइतकाच जुना आहे. रस्ते, दिवाबत्ती, पाणीपुरवठा, मैला व कचरा यांची विल्हेवाट ही कामे ज्या शहरात करावी लागतात, त्याच शहरात येणाऱ्या व विकल्या जाणाऱ्या मालावर कर बसवून त्यांचा खर्च भागवावा, हे या प्रश्नाला मिळालेले एक प्रमुख उत्तर होय. महाराष्ट्रात हे उत्तर प्रथम जकातीच्या रूपाने, नंतर स्थानिक संस्था कराच्या रूपाने आणि शेवटी राज्य शासनाकडून मिळणाऱ्या भरपाईच्या रूपाने अवतरले. या तीन अवस्थांकडे सामान्यतः कर बसवण्याच्या तीन पद्धती म्हणून पाहिले जाते. परंतु करपद्धतीपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, या प्रत्येक स्थित्यंतरात कर आकारणारी संस्था आणि त्या करातून सेवा मिळवणारा नागरिक यांच्यातील अंतर वाढत गेले. चंद्रपूर शहर आणि त्याच्या वेशीबाहेर वसलेले ऊर्जानगर यांच्या इतिहासात हे अंतर विशेष स्पष्टपणे दिसून येते.

१. दोन शेजारच्या नोंदी

वस्तूंवरील करांचा घटनात्मक इतिहास पाहू गेल्यास त्याचा एक धागा थेट चंद्रपूरच्या भूमीशी, म्हणजे तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाडाशी जाऊन भिडतो. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालील १९२० च्या नियमांनी प्रांतिक कायदेमंडळांना कोणते कर बसवता येतील आणि स्थानिक संस्थांना कोणत्या करांचा अधिकार देता येईल, याच्या दोन स्वतंत्र याद्या घालून दिल्या होत्या. दुसऱ्या यादीत जकातीचा स्पष्ट उल्लेख होता. १९३५ च्या कायद्याने ही स्थानिक यादी नाहीशी केली. त्या कायद्याच्या प्रांतिक सूचीत मात्र दोन नोंदी एकमेकींच्या शेजारी आल्या. ४८ वी नोंद मालाच्या विक्रीवरील व जाहिरातींवरील करांची होती आणि ४९ वी नोंद स्थानिक क्षेत्रात उपभोग, उपयोग किंवा विक्री यांसाठी आणल्या जाणाऱ्या मालावरील उपकरांची होती.

या दोन नोंदींचा विषय जवळजवळ एकच आहे. शहरातील दुकानात येऊन पडलेला माल वेशीवर गाठला तर ती जकात, आणि गल्ल्यावर गाठला तर तो विक्रीकर. तथापि व्यवहारात या दोघींची वाटणी झाली. वेशीवरचा कर नगरपालिकांकडे राहिला आणि गल्ल्यावरचा कर प्रांताने आपल्याकडे घेतला. ही वाटणी कोणत्याही तत्त्वातून निघालेली नव्हती. नगरपालिकेजवळ नाके व शिपाई होते, तर व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणारी यंत्रणा केवळ प्रांतच उभारू शकत होता, एवढेच तिचे कारण.

विक्रीकराचा पहिला प्रयोग याच प्रांतात झाला. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९३८ च्या चौदाव्या कायद्याने मोटार स्पिरिट व वंगण यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसवला. हा कर वस्तुतः उत्पादनशुल्क असून तो बसवण्याचा अधिकार केंद्राचा आहे, अशी हिंदुस्थान सरकारची हरकत होती. नव्याने स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे आलेले हे पहिलेच प्रकरण होय. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि मुकुंदराव जयकर यांच्या पीठाने हा कायदा प्रांताच्या अधिकारातील असल्याचा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी मद्रास प्रांताने सर्वसाधारण विक्रीकर लागू केला आणि पुढील काळात प्रांतांच्या व राज्यांच्या वित्तव्यवस्थेचा तो आधारस्तंभ बनला. मध्य प्रांतातच १९४७ मध्ये सर्वसाधारण विक्रीकराचा कायदा झाला.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत या दोन नोंदी राज्यसूचीत अनुक्रमे ५४ व ५२ या क्रमांकांनी आल्या. नगरपालिकांसाठी स्वतंत्र करसूची घटनाकारांनी केली नाही, आणि १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनेही ती केली नाही. अनुच्छेद २४३ भ नुसार राज्याचे विधानमंडळ नगरपालिकांना कर बसवण्याचा अधिकार देऊ शकते, देण्यास बांधलेले नाही. अर्थात शहराचा कर ही प्रारंभापासून राज्याने उसनी दिलेली वस्तू होती, हे पुढील घटनाक्रमाचे मर्म आहे.

२. तटबंदीचे शहर आणि जकात

चांदा हे गोंड राजांच्या राजधानीचे तटबंदीचे शहर. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा या वेशींची नावे आजही शहराच्या भागांना चिकटून आहेत. अशा शहरात ‘आत’ आणि ‘बाहेर’ हा भेद डोळ्यांना दिसणारा असतो, आणि जकातीची सारी कल्पना याच भेदावर उभी आहे. चांद्याची नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली. मध्य प्रांतातील नगरपालिकांच्या उत्पन्नात जकातीचा वाटा मोठा होता. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने मध्य प्रांताचा १९२२ चा नगरपालिका कायदा मागे पडला. शासन बदलले, कायदा बदलला, चांद्याचे नाव चंद्रपूर झाले, पण जकात नाका कायम राहिला.

जकातीचे दोष सर्वविदित आहेत. नाक्यावर गाड्यांचा खोळंबा होई. मालाची किंमत व वजन यांवरून तंटे होत आणि त्यांतून लाचलुचपतीला वाव मिळे. शहरातून केवळ पार होणाऱ्या मालावरील कर परत मिळवताना व्यापारी बेजार होई. धान्य, तेल, सरपण यांसारख्या जिनसांवरील कराचा भार गरिबाच्या संसारावर अधिक पडे. मालवाहतुकीला होणाऱ्या या अडथळ्यावर केसकर समितीसारख्या अनेक समित्यांनी बोट ठेवले. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये आणि कर्नाटकाने १९७९ मध्ये जकात बंद करून तिच्या जागी राज्याचा प्रवेशकर आणला.

हे सर्व खरे असले तरी जकातीचा एक गुण तिच्या टीकाकारांनी पुरेसा लक्षात घेतला नाही. जकात रोजच्या रोज व रोखीने वसूल होई, आणि शहराची बाजारपेठ वाढली की तिचे उत्पन्नही आपोआप वाढे. दर ठरवताना नगरसेवकांना स्थानिक व्यापाऱ्यांच्या रोषाला तोंड द्यावे लागे, आणि रस्त्यातील खड्ड्यांविषयी बोलताना त्याच व्यापाऱ्यांना जकातीचा दाखला देता येई. कर आणि सेवा यांचा हिशेब एकाच सभागृहात मांडला जाई. तो नेहमी प्रामाणिकपणे मांडला जाई असे नव्हे, पण मांडावयाचा कोठे, याविषयी संदेह नव्हता.

३. ‘तेथे’ या शब्दाचा अर्थ

जकातीच्या नोंदीतील कळीचा भाग म्हणजे स्थानिक क्षेत्रात ‘तेथे’ होणारा उपभोग, उपयोग किंवा विक्री. या शब्दांचा अर्थ लावण्याचा प्रसंग मराठी भाषकांच्या सीमाभागातील बेळगाव शहरामुळे आला. बर्मा-शेल कंपनी आणि बेळगाव बरो म्युनिसिपालिटी यांच्यातील वादाचा सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये निकाल दिला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या या निर्णयानुसार, कंपनीने शहरात स्वतः वापरलेल्या आणि शहरात ग्राहकाला विकलेल्या मालावर जकात लागू होते. ग्राहकाने तो माल नंतर हद्दीबाहेर नेऊन वापरला, तरी त्याने फरक पडत नाही. उलट, जो माल शहरात केवळ उतरवून बाहेर पाठवला जातो, त्यावर ती लागू होत नाही.

या निर्णयाचा व्यावहारिक अर्थ दूरगामी आहे. मोठ्या बाजारपेठेच्या शहराला त्यामुळे आसपासच्या वस्त्यांतील ग्राहकांकडूनही अप्रत्यक्षपणे कर मिळू शकतो. मात्र त्या वस्त्यांना सेवा पुरवण्याची कोणतीही जबाबदारी शहरावर येत नाही. नेमकी याच्या उलट स्थितीही संभवते. हद्दीला लागून असलेल्या कारखान्यात कितीही माल आला, तरी तो हद्दीत शिरत नाही तोवर शहराला त्याच्यावर छदामही मिळत नाही, मग त्या कारखान्याच्या वाहतुकीचा व धुराचा भार शहराने सोसला तरी. चंद्रपूर व ऊर्जानगर यांच्या संबंधात या दोन्ही स्थिती एकाच वेळी आढळतात.

४. वेशीबाहेरचे नगर

चंद्रपूर औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि १९८४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले. दुर्गापूरच्या कोळसा खाणीजवळ उभ्या राहिलेल्या या केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी वसलेली वसाहत म्हणजे ऊर्जानगर. प्रथम राज्य विद्युत मंडळाकडे असलेले हे केंद्र २००५ मध्ये मंडळाचे विभाजन झाल्यावर महानिर्मिती कंपनीकडे आले. २१० मेगावॅटचे दोन जुने संच निवृत्त झाल्यावर केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. २०११ च्या जनगणनेने ऊर्जानगराची नोंद जनगणना-नगर म्हणून केली, म्हणजे वस्तीचे स्वरूप नागरी, पण कारभार ग्रामपंचायतीचा.

शहर आणि वसाहत यांना एकमेकांपासून वेगळे काढणे प्रत्यक्ष जीवनात कठीण आहे. विद्युत केंद्रासाठी बांधलेल्या इरई धरणाचेच पाणी चंद्रपूर शहर पिते. ऊर्जानगरातील कुटुंबे कापड, भांडी, औषधे यांच्या खरेदीसाठी चंद्रपूरच्या बाजारात येतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक परिसरांचा जो प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळून ते देशात चौथ्या क्रमांकावर आले. धुराला व राखेला महानगरपालिकेची हद्द ठाऊक नसते. कराला मात्र ती ठाऊक असते.

ग्रामपंचायतीच्या हातात कोणती साधने आहेत, हेही पाहिले पाहिजे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या १२४ व्या कलमाखाली घरे व जमिनी यांवरील कर हे पंचायतीचे मुख्य साधन होय. १२५ व्या कलमाने पंचायतीला कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रकमेचे अंशदान घेण्याची मुभा दिली आहे. ही तरतूद सोयीची असली तरी तिच्यात एक असमतोल अनुस्यूत आहे. जेथे गावाचे अस्तित्वच एका उद्योगावर उभे आहे, तेथे करार करणारे दोन पक्ष समबल असू शकत नाहीत. शिवाय विजेचा प्रश्न वेगळाच आहे. विजेच्या विक्रीवरील व उपभोगावरील कर राज्याचा असून तो वीज जेथे वापरली जाते तेथील ग्राहकाकडून वसूल होतो. कोळसा जेथे जळतो त्या ठिकाणाला या कराचा कोणताही अंश अधिकाराने मिळत नाही. २०१५ मध्ये खनिज कायद्यातील दुरुस्तीने आलेली जिल्हा खनिज प्रतिष्ठाने खाणबाधित भागासाठी निधी गोळा करतात, हे खरे. परंतु तो खाणमालकांच्या अंशदानातून उभा राहणारा व जिल्हा पातळीवर वाटला जाणारा निधी आहे, स्थानिक संस्थेने स्वतः बसवलेला कर नव्हे.

५. जकातीकडून भरपाईकडे

महाराष्ट्र शासनाने १९९९ मध्ये नगरपरिषदांच्या क्षेत्रातील जकात रद्द करून तिच्या बदल्यात सहायक अनुदान देण्यास सुरुवात केली. महानगरपालिकांची जकात मात्र चालू राहिली. चंद्रपूर तेव्हा नगरपरिषद होती, त्यामुळे तिचे नाके गेले. २०११ च्या ऑक्टोबरात चंद्रपूर महानगरपालिका अस्तित्वात आली. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,२०,३७९ होती. दर्जा वाढला की जबाबदाऱ्याही वाढतात, आणि त्या पार पाडण्यासाठी शहराला पुन्हा वस्तूंवरील कराकडे वळावे लागले. अशा रीतीने बारा वर्षे वस्तूंवरील स्थानिक करावाचून राहिलेल्या बाजारपेठेवर स्थानिक संस्था कर आला.

हा कर महाराष्ट्रात २०१० पासून टप्प्याटप्प्याने महानगरपालिकांना लागू होत होता. तत्पूर्वी नवी मुंबईत जकातीऐवजी हिशेबाधिष्ठित उपकराचा प्रयोग झालाच होता. नाक्यावर गाडी न अडवता व्यापाऱ्याने आपल्या वहीवरून हद्दीत आणलेल्या मालाचा हिशेब द्यावा व कर भरावा, अशी त्याची योजना होती. २०१३ च्या एप्रिलपासून तो पुणे, नागपूर, ठाणे इत्यादी मोठ्या शहरांत लागू झाला तेव्हा राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. २००५ पासून मूल्यवर्धित कराचे हिशेब राज्याला द्यावेच लागत असताना महानगरपालिकेच्या दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे त्याच वह्या पुन्हा का उघडाव्यात, हा त्यांचा युक्तिवाद निराधार नव्हता. मात्र या आंदोलनातील मागणीचा रोख कर राज्यानेच एकत्रितपणे घ्यावा असा होता, आणि ती मान्य होण्याचा अर्थ शहराच्या हातातील शेवटचे वाढते उत्पन्न राज्याकडे जाणे हाच होता. हा मुद्दा वादाच्या गदारोळात मागे पडला.

१ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना या करातून मुक्त करण्यात आले. त्यानंतर २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद वगळली आणि ५४ वी नोंद पेट्रोलियमजन्य ठराविक पदार्थ व मद्य यांच्या विक्रीपुरती संकुचित केली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात व अन्यत्र उरलेला स्थानिक संस्था कर दोन्ही संपुष्टात आले. १९३५ मध्ये शेजारी आलेल्या दोन नोंदींपैकी शहराची नोंद अशा प्रकारे घटनेतूनच पुसली गेली. राज्याची नोंद संकुचित झाली, परंतु १९३८ मध्ये जेथून तिचा प्रारंभ झाला ते मोटार स्पिरिट मात्र राज्याच्याच हाती उरले, हा योगायोग लक्षणीय आहे.

६. भरपाईचे स्वरूप

महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करून महानगरपालिकांना भरपाईची हमी दिली. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून त्यावर दरसाल शेकडा ८ चक्रवाढीने रक्कम वाढत जाते. या दराने मूळ रक्कम सुमारे नऊ वर्षांत दुप्पट होते. केवळ रकमेच्या दृष्टीने पाहता ही तरतूद अनुदार म्हणता येणार नाही. जकातीचे नाके, तंटे व परताव्याचे खेटे टळले आणि उत्पन्नाला निश्चिती आली, हे तिचे खरे लाभ आहेत.

तथापि तीन गोष्टी दृष्टिआड करता येत नाहीत. पहिली, वाढीचा दर सर्व शहरांना एकच आहे. ज्या शहराचा बाजार फोफावला त्याला आणि ज्याचा ओसरला त्यालाही ८ टक्केच. शहराच्या कर्तृत्वाचा उत्पन्नाशी संबंध उरला नाही. दुसरी, पायाभूत वर्षाची निवड. जुन्या महानगरपालिकांच्या मागे अनेक दशकांच्या करवसुलीचा अनुभव होता. चंद्रपूरची महानगरपालिका तेव्हा केवळ पाच वर्षांची होती आणि तिचा वस्तूंवरील कर त्याहूनही अल्पायुषी होता. तात्पर्य, अपुऱ्या प्रयोगाचे फलित कायमचा पाया ठरले. तिसरी, ज्या वस्त्यांनी असा कर कधी बसवलाच नव्हता त्यांना भरपाई मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ऊर्जानगराला जे नव्हते ते गमावता येत नाही, म्हणून त्याची भरपाईही नाही.

परदेशांतील दोन उदाहरणे येथे उपयुक्त ठरतील. बेल्जियमने १८६० मध्ये सर्व शहरांची जकात एकाच कायद्याने रद्द केली आणि राज्याच्या करांतून एक सामाईक निधी उभारून तो नगरांत वाटला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या व्यवस्थेचे हे जवळजवळ पूर्वरूपच म्हणता येईल. फ्रान्समध्ये जकात १९४३ पर्यंत टिकली. अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. न्यूयॉर्क शहराने मंदीच्या काळात १९३४ मध्ये स्वतःचा विक्रीकर बसवला, आणि पुढे अनेक राज्यांत राज्याच्या विक्रीकराबरोबरच स्थानिक टक्का वसूल करून तो त्या शहराला देण्याची रीत रूढ झाली. कित्येक ठिकाणी असा टक्का ठराविक मुदतीचा असतो आणि मुदत वाढवावयाची तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. वसुलीची यंत्रणा एक असली, तरी दर ठरवण्याचा अधिकार व त्याची जबाबदारी स्थानिक राहू शकते, हे या दुसऱ्या उदाहरणावरून दिसते. वसुलीचे एकीकरण आणि अधिकाराचे केंद्रीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्रातील वादात त्या एकच मानल्या गेल्या.

७. समारोप

वरील विवेचनावरून जकातीचे नाके पुन्हा उभारावेत असा निष्कर्ष निघत नाही, आणि घटनेच्या आजच्या स्वरूपात ते शक्यही नाही. १९३५ पासून २०१७ पर्यंतच्या इतिहासातून निष्पन्न होते ते इतकेच की, स्थानिक वस्तुकराच्या प्रश्नाला दराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, हद्दीची बाजू आहे. जोवर कर वेशीवर घेतला जात होता तोवर वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे कराच्या निमित्ताने पुनःपुन्हा विचारले जाई. भरपाई मुंबईहून येऊ लागल्यावर हा प्रश्न विचारण्याचे निमित्तच नाहीसे झाले. प्रश्न मात्र तेथेच राहिला. एकाच धरणाचे पाणी पिणारी, एकाच हवेत श्वास घेणारी आणि एकाच बाजारात खरेदी करणारी वस्ती महानगरपालिका व ग्रामपंचायत अशा दोन कायद्यांत विभागलेली आहे, आणि तिच्या सामाईक सेवांचा खर्च सामाईकपणे ठरवणारे एकही सभागृह नाही.

राज्य वित्त आयोगाची स्थापना घटनेने याच हेतूने सांगितली आहे की, स्थानिक संस्थांचा वाटा कृपेवर अवलंबून न राहता तत्त्वावर आधारलेला असावा. वस्तू व सेवा करातील राज्याच्या हिश्श्याचा एक निश्चित भाग उपभोगाच्या ठिकाणानुसार स्थानिक संस्थांकडे वळवणे हे अशा तत्त्वाचे एक रूप होऊ शकेल. पण ज्या ठिकाणी उपभोगापेक्षा उत्पादन अधिक होते, त्या ऊर्जानगरासारख्या वस्त्यांना त्याने न्याय मिळणार नाही. त्यांच्यासाठी उत्पादनाच्या भाराचा वेगळा हिशेब करावा लागेल, आणि तो करणारी संस्था शहराची हद्द ओलांडून पाहणारी असावी लागेल. चांद्याच्या तटाने एके काळी शहर कोठे संपते हे सांगितले. ते शहर आज कोठे संपते, याचा निर्णय झाल्यावाचून त्याच्या करांचा निर्णय होणे कठीण आहे.